नाटक शिकायचंय, पण शिकवतंय कोण? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या महिन्यात भुसावळला कॉलेजच्या पोरांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तिथं बोलता बोलता म्हणून गेलो की नाटकाच्या विभागाचा फॉर्म भरायच्या पहिले तिथला एक प्रॅक्टिकलचा तास कोपऱ्यात बसून बघा. झालं, तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नच प्रश्न. काही पोरांचे, काही आईबापांचे, दोन तर चक्क प्राध्यापकांचे. निवडक घेतलेत. नावं मुद्दाम टाकत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : सर, मना पोऱ्या नाटकना मांगे लागेल शे. बारावी झाली, आता डिग्रीच नाटकाची करतो म्हणतो. पुणं, मुंबई, संभाजीनगर, तिकडं बडोदा अशी यादी घेऊन बसलाय. आम्ही शेतीवाले, यातलं चांगलं कुठलं हे कसं ओळखायचं? (चोपडा)

भाऊ, पहिले तर पोराला रागावू नका, यादी बरोबर आहे त्याची. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ ची, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही नाटकाचा विभाग आहे. मात्र बारावीनंतर कुठं घेतात आणि ग्रॅज्युएशननंतर कुठं, हे त्या त्या ठिकाणी नीट बघून घ्या. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला तर ग्रॅज्युएशन झाल्याशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे ते स्वप्न तीन-चार वर्षं बाजूला.

आता ओळखायचं कसं. विभागात शिरलं की भिंतीवर फोटो असतात, आमचा हा विद्यार्थी सिरियलमध्ये, ही पिक्चरमध्ये. ते बघून भारावू नका, त्यातले निम्मे कुठंही शिकले असते तरी चमकलेच असते. त्यापेक्षा हिशोब विचारा. नवीन पद्धतीत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे अभिनयाचा पेपर चार क्रेडिटचा प्रॅक्टिकल असेल तर सेमिस्टरला १२० तास पोरगं फ्लोअरवर दिसलं पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा की मागच्या सेमिस्टरला खरे किती झाले. टपरीवर कोणी खोटं बोलत नाही.

दुसरा हिशोब वर्गाचा. दीड तासाचा अभिनयाचा तास आणि वर्गात ४० पोरं, तर एकेकाला सव्वादोन मिनिटं येतात. सव्वादोन मिनिटांत तुमचा पोरगा नाव सांगून खाली बसेल. पंधरा पोरं असतील तर सहा मिनिटं, म्हणजे काहीतरी करता येतं आणि कोणी काहीतरी सुधारूही शकतं.

आणि तिसरं म्हणजे तो कोपऱ्यात बसून बघायचा तास. काय बघायचं ते सांगतो. आमच्या वर्गात रावेरकडचा एक पोरगा होता, केळीच्या पट्ट्यातला. वस्तू नसताना वस्तू दाखवायची असा व्यायाम होता, याने केळीचा घड उचलून ट्रकमध्ये ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक सर होते, ते म्हणाले "व्वा, छान, नेक्स्ट". दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मॅडम आल्या, त्याने तेच करून दाखवलं, तर त्या म्हणाल्या घड खाली ठेवलास ना, मग खांदा अजून वाकलेलाच कसा? वजन कुठं गेलं? तो गप्प. मग त्याने तोच घड दहा-बारा वेळा उचलला आणि ठेवला, आणि दहाव्या वेळी का कितव्या वेळी त्याचा खांदा आपोआप वर आला, मान मोकळी झाली, त्याने हाताने घाम पुसला, जो त्याला कोणी सांगितला नव्हता. वर्गात टाळी कोणीच वाजवली नाही, सगळे बघतच राहिले. तर भाऊ, तुम्हाला तिथं दुसऱ्या मॅडम दिसतात का ते बघा. तुम्ही शेतकरी आहात, वजन उचललेला माणूस खरा की खोटा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : मी एमए नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. चारपैकी तीन शिक्षक सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत, बदलत राहतात. नाट्यशास्त्राचा तास म्हणजे नोट्स उतरवून घेणं, ३३ व्यभिचारी भाव (मनात येऊन जाणारे भाव) पाठ करून लिहिले की मार्क मिळतात. प्रयोग झाला की कोणी काही बोलत नाही, थेट निकालच. तक्रार केली तर आमचेच मार्क जातील का अशी भीती वाटते. (शिरपूर)

ताई, मी स्वतः तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय, त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो. सीएचबीवाल्याला पैसे मिळतात तासाचे, तेही कधी सहा महिन्यांनी. पण नाटक शिकवणं घडतं ते संध्याकाळी सात ते दहाच्या तालमीत, आणि ते तास कोणत्याच मस्टरवर नसतात. मी ज्या विभागात होतो तिथं वेळापत्रकात तालीम सरळ 'लायब्ररी' म्हणून दाखवलेली होती. मी दोन वर्षं फुकट थांबलो, तिसऱ्या वर्षी घरी लहान मूल होतं, साडेसातला निघायला लागलो, आणि त्या वर्षीचं नाटक किती कच्चं उभं राहिलं ते मी विंगेतून बघितलं. म्हणजे चूक त्या सरांची एकट्याची नाहीये, पण तुमचं नुकसान होतंय ते होतंच आहे ना.

नोट्सचं म्हणाल तर भरतमुनींवर हा अन्याय आहे. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव ही डिक्टेशनची गोष्टच नाही. शिरपूर स्टँडवर रात्री शेवटची बस निघून गेली आणि एक बाई पिशवी घेऊन उभी आहे, एवढं घ्या. गेलेली बस हा विभाव, म्हणजे भाव जागं करणारं कारण. तिने पिशवी खाली ठेवली, परत उचलली, पदर सारखा केला, हे अनुभाव, म्हणजे तो भाव बाहेर दिसतो ते. आणि मधल्या दोन मिनिटांत चिंता, शंका, मग कंडक्टरवर राग, मग ओळखीचं कोणी दिसलं तर लाज, असे जे येऊन जातात ते व्यभिचारी. चार पोरींना हे करायला लावलं तर ३३ मधले सात-आठ तिथंच सापडतात, पाठ करावे लागत नाहीत. हे सर करत नसतील तर तुम्ही मैत्रिणी मिळून करा, मोबाईलवर शूट करा आणि सरांनाच दाखवा. बऱ्याच सरांना हे आवडतं, खरंच, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

तक्रारीचं. एकटीने करू नका आणि तक्रार हा शब्द पण नको, अर्ज करा, सगळ्यांच्या सह्यांनी, दोनच मागण्या. प्रयोग झाल्यावर एक तास चर्चा, आणि प्रॅक्टिकलचे मार्क कशाकशाला किती हे तालमी सुरू व्हायच्या आधी बोर्डावर. या दोन्हीला विभागाला एक रुपया खर्च नाही, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. आणि कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकसाठी जो फीडबॅक फॉर्म भरून घेतात ना, त्यात सगळे जण 'एक्सलंट' वर टिक मारून मोकळे होतात, तिथं जरा हात आवरा आणि नेमकं लिहा, की वेळापत्रकात अमुक तास होते, झाले तमुक.

प्रश्न : आमच्या मुलीला अभिनय शिकवणारे सर नावाजलेले नट आहेत पण नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) नाही, पीएचडी नाही. हे नियमात बसतं का? (नंदुरबार)

बसू शकतं. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत नाटकासाठी वेगळी वाट ठेवली आहे. एनएसडी किंवा तशा मान्य संस्थेची फर्स्ट क्लास डिग्री-डिप्लोमा असलेला व्यावसायिक कलाकार, पाच वर्षं रंगमंचावर सातत्याने नावाजलेलं काम आणि त्याचा पुरावा, असं असेल तर तो नेटशिवाय सहायक प्राध्यापक होऊ शकतो. त्याशिवाय २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' पण आलंय, १५ वर्षांचा अनुभव असलेला माणूस, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत.

पण त्या २०१८ च्या नियमात एक तिसरी अट आहे जी कोणी वाचत नाही, की त्या कलाकाराला आपला विषय कारणं देऊन समजावून सांगता आला पाहिजे. लाखाची अट आहे ही! मोठ्या नटाला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं की तो ते कसं करतो. मग तो उठतो, स्वतः करून दाखवतो आणि म्हणतो असं कर. पोरं कॉपी मारतात. वर्षाअखेर वर्गात एका नटाच्या वीस झेरॉक्स. तर मुलीला एवढंच विचारा, सर करून जास्त दाखवतात की बघून जास्त सांगतात?

प्रश्न : मी अहिराणी बोलतो. व्हॉइसच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर 'टोन गावठी आहे, हा गेल्याशिवाय नट होणार नाहीस' असं सांगितलं. आता तोंड उघडायची भीती वाटते. (पारोळा)

भो, हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण शब्द न शब्द मला पण ऐकवलेलं आहे. मी 'डोळा' म्हणायला गेलो की 'डोया' यायचं, 'केळी' ची 'केयी' व्हायची, आणि पूर्ण वर्ग हसायचा. वर्षभर मी सिनियरच्या नाटकात फक्त नेपथ्याच्या चौकटी उचलल्या.

दोन गोष्टी वेगळ्या कर. 'ळ' म्हणता येणं ही जिभेची कसरत आहे, जीभ मागं वळवून टाळूला लावायची, रोज दहा मिनिटं, दोन महिन्यांत येतं. ते शिकायचंच, कारण उद्या पुण्याच्या वाड्यातला म्हातारा करायचा असेल तर तो 'डोया' म्हणणार नाही. पण 'टोन जायला पाहिजे' हे मात्र अडाणीपणाचं बोलणं आहे, मग ते कितीही मोठ्या पदावरून येवो. चांगला आवाजाचा शिक्षक आहे ती बोली काढून घेत नाही, वर आणखी एक टाकून देतो. बहिणाबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला दिलंय ते काय प्रमाण भाषेसाठी दिलंय का.

आणि आवाजाचंच म्हणशील तर आपल्याकडचे वहीगायन, म्हणजे खानदेशातलं लोकगायन करणारे बघ. उघड्यावर, माईक नसताना, रात्र रात्र. श्वास कुठं घेतात, कानाला हात का लावतात, समोरच्या जोडीदाराला ओळ कशी सोपवतात हे त्यांच्याकडं बसून बघण्यासारखं आहे. नाटकाच्या विभागांनी अशा माणसाला वर्षातून आठ दिवस तरी मानधन देऊन बोलवायला पाहिजे, पण ते बोलावतात स्नेहसंमेलनाला आणि शाल घालून परत पाठवतात. असो. तू सरांना एकांतात भेट आणि सरळ विचार, सर, टोनमधलं नेमकं काय, कोणता उच्चार, कोणती लय? त्यांना सांगता आलं तर माणूस कामाचा आहे, कडू बोलतो एवढंच. नाही सांगता आलं तर त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

प्रश्न : तीन महिन्यांचा ऑनलाइन अ‍ॅक्टिंग डिप्लोमा, फी चाळीस हजार, ऑडिशनची गॅरंटी. करू का? (चाळीसगाव)

नको. ऑडिशनला गॅरंटी लागत नाही, ती फुकट असते. त्या पैशात वर्षभर आजूबाजूची नाटकं बघून होतील, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला तर तिकीट इतकं कमी असतं की रोज गेलास तरी चालेल. आणि एखाद्या हौशी संस्थेत जाऊन पहिले लाइटच्या वायरी गुंडाळ. एनएसडीत सुद्धा पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं करावं लागतं, अभिनय की डिझाइन हे नंतर ठरतं.

प्रश्न : मी मराठीची प्राध्यापक. नवीन अभ्यासक्रमात नाटकाचा पेपर माझ्याकडं आलाय, ५० मार्कांचं प्रॅक्टिकल आहे. मी कधी नाटकात काम केलेलं नाही. मार्क द्यायचे कसे? (धुळे)

मॅडम, तुम्ही हे विचारलंत यातच निम्मं आलं, कारण न विचारता सरसकट ४२ देणारे बरेच बघितलेत. चांगला अभिनय कोणाचा हे ठरवायच्या भानगडीत सध्या पडू नका, त्यात तुम्ही पण फसाल आणि ज्याचा आवाज मोठा त्याला मार्क जातील. सुधारणा मोजा, ती मराठीच्या माणसाला छान कळते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा दोन मिनिटांचा एक उतारा मोबाईलवर शूट करा, फक्त उभं राहून बोलायचं. मधे दोनदा, शेवटी एकदा, तोच उतारा. चारही शेजारी ठेवून बघा. वाक्य कुठं तुटायचं आणि आता कुठं तुटतं, समोरच्याचं ऐकून बोलतोय की आपली पाळी आली म्हणून बोलतोय. वीस मार्क याला. पंधरा मार्क तालमीच्या वहीला, त्यात 'आज मजा आली' लिहिणाऱ्याला शून्य आणि 'तिसऱ्या वाक्याला मी उगाच हात हलवतो' लिहिणाऱ्याला भरपूर. दहा पडद्यामागच्या कामाला, आणि उरलेले पाच वेळेवर येण्याला, कारण ते नाही ठेवले तर तालीम साडेपाचची सव्वासातला सुरू होते.

प्रत्येकाला मार्कांबरोबर दोन ओळी लिहून द्या, एक जमलेली गोष्ट आणि एक न जमलेली. शहरातल्या एखाद्या हौशी दिग्दर्शकाला सेमिस्टरमधून तीनदा बोलवा, चहापाण्यावर येतात आनंदाने, पण त्याला मार्क देऊ देऊ नका. आणि शूट करताना वर्गातला पंखा बंद करा. धुळ्याच्या मार्च महिन्यात हे सांगणं पाप आहे, माहितीये, पण पंख्याच्या घरघरीत मागच्या बाकावरच्या पोरीचा आवाज रेकॉर्डच होत नाही, आणि तिला वाटतं आपला आवाजच बारीक आहे.