कमी बजेटमध्ये १६ एमएम फिल्मवर दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करणं जमेल का?

जमेल, पण कॅमेऱ्याच्या भाड्यावरून हिशोब मांडू नका. जुना कॅमेरा कुणीतरी उसना देतोही. खरा पैसा जातो तो कच्ची फिल्म, लॅबमधलं प्रोसेसिंग आणि स्कॅनिंग यांत, आणि तो दर फुटाला मोजावा लागतो.

१६ एमएमचा ४०० फुटी रोल सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं चालतो. एकास चार या प्रमाणात, म्हणजे फिल्ममधल्या एका मिनिटासाठी चार मिनिटं, शूट केलंत तर चार रोल लागतील, आणि एकास चार म्हणजे चांगलीच काटकसर. त्यामुळे तालमी आधीच पक्क्या करा. कॅमेरा चालू ठेवून नटाला सुचेपर्यंत थांबणं विसरा. मोठ्या शूटिंगमधून उरलेले रोलचे तुकडे स्वस्तात मिळतात, फक्त ते कुठे आणि किती काळ पडून होते हे विचारून घ्या.

कॅमेरा आवाज करणारा आहे का, तेही आधी पाहा. चावी देऊन चालणारा बोलेक्स कॅमेरा घेतलात तर एका चावीत अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरच शॉट मिळतो, आणि त्याच्या खरखरीत संवाद रेकॉर्ड करणं अशक्यच. मग एकतर डबिंग, नाहीतर संवादच कमी लिहा. (मला दुसरा पर्याय आवडतो.)

प्रत्येक चांगल्या टेकनंतर गेट, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट, तपासा. तिथे अडकलेला एक बारीक केस पडद्यावर दोरीएवढा दिसतो, आणि कळतं ते लॅबमधून रील आल्यावर. निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त चालतो, कमी मुळीच नाही. विमानाने जाणार असाल तर फिल्म सामानात टाकू नका, हातात ठेवा आणि एक्स-रे यंत्रात न घालता हाताने तपासायला सांगा.