लग्नाची एमपी-फोर फाइल डीव्हीडीवर घेताना क्वालिटी कशी टिकवायची?

प्रश्न: पंचवटीतल्या लग्नाची २ तासांची फुल एचडी फाइल आजीच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर चालायला हवी, पण क्वालिटी न घालवता.

क्वालिटी अजिबात न घालवता हे होत नाही. डीव्हीडीला एमपेग-२ हा व्हिडिओ प्रकार लागतो आणि पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीत, ७२० बाय ५७६ एवढंच चित्र बसतं, म्हणजे पुन्हा एन्कोड करणं, फाइल नव्या प्रकारात बदलणं, आलंच. मूळ फाइल मात्र पुसू नका.

खरा खेळ बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा मिळतो त्याचा. साध्या डीव्हीडीवरचे ४.७ जीबी म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. त्याला सेकंदांनी भागा. २ तासांना सेकंदाला ५.२ मेगाबिट (एमबीपीएस) येतात. त्यातून आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा करून व्हिडिओला ४.८ एमबीपीएस द्या. टू-पास, म्हणजे व्हिडिओ आधी एकदा तपासून मग दुसऱ्यांदा एन्कोड करण्याचा पर्याय, निवडाच. मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात तेव्हा अख्खी फ्रेम हलते आणि कमी बिटरेटला नेमके तिथेच चौकोन दिसतात. टू-पास तिथे जास्त बिट देतो, स्थिर दृश्यांत वाचवतो. तरी समाधान नसेल तर विधी आणि स्वागतसमारंभ अशा दोन डिस्क करा, हाच उत्तम उपाय. पण ८ एमबीपीएसच्या वर जाऊ नका, जुने प्लेयर अडखळतात.

शूटिंग ३० फ्रेमचं असेल तर पालच्या २५ मध्ये हालचाल झटके देते. प्लेयर चालवत असेल तर एनटीएससी, म्हणजे जवळपास ३० फ्रेमची टीव्ही पद्धत, घ्या.

डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टाइलर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पुरेसं आहे. आवाज एसी-३ (डॉल्बी डिजिटल) प्रकारात, ४८ किलोहर्ट्‌झ. चांगल्या डिस्कवर ४एक्स किंवा ८एक्स वेगाने बर्न करून फायनलाइज करा, म्हणजे डिस्क बंद करा, तरच इतर प्लेयर ती वाचतात. नुसती एमपी-फोर कॉपी केली तर बरेच जुने प्लेयर ती वाचत नाहीत.