वडिलांच्या चिकाटीतून प्रेरणा घेऊन धंदा कसा वाढवावा?

विचारणाऱ्याचे वडील कलबुर्गीहून पुण्यात आले, हातगाडीवर इस्त्री करत करत धनकवडीत लॉन्ड्री टाकली. आता मुलाला त्यांच्या चिकाटीची प्रेरणा घेऊन दुकान वाढवायचंय, आणि त्यासाठी कर्ज काढू का, असं विचारलंय.

कर्जाचं शेवटी बोलते. आधी त्या चिकाटीचं बघू. गेल्या वर्षी आईच्या पंचाहत्तरीला माझ्या धाकट्या भावाने माइक हातात घेऊन वीस मिनिटं हाच शब्द घोळवला आणि शेवटी म्हणाला, "ताईनेही साथ दिली, हिशोब वगैरे ठेवला." वगैरे! पाव्हण्यांसमोर मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

आमचं मूळ गाव आष्टी तालुक्यातलं, जिल्हा बीड. १९७२ च्या दुष्काळात आई-बाबा दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर मिळायची ती सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, हेच जेवण. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी आई अजून तोंड वाकडं करते. पुढच्या उन्हाळ्यात दोघं पुण्याला आले. बाबा नाना पेठेतल्या भुसार बाजारात हमालीला लागले, जनता वसाहतीत पत्र्याची खोली मिळाली. १९७४ मध्ये हमालांचे नेते बाबा आढाव यांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा, हमालाला परवडेल त्या भावात पोटभर जेवण. आमचे बाबा दुपारी तिथेच जेवायचे आणि रात्री येऊन कौतुक सांगायचे. त्यातून आईच्या डोक्यात एक गोष्ट जी बसली ती कायमची: भाकरीवर पैसा कमवायचा नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच महाभारत झालं.

१९८८ ला बाबांची पाठ गेली. पोतं उचलणं बंद. मग आई सदाशिव पेठेत चार घरी पोळ्या लाटायला जायला लागली. (आमच्याकडे पोळी म्हणजे फक्त पुरणाची, बाकी सगळी चपाती. पहिल्या दिवशी "वीस पोळ्या करा" ऐकून तिला वाटलं, यांच्याकडे रोजच सण असतो.) १९९४ मध्ये नवी पेठेत आठ बाय दहाची खोली भाड्याने घेऊन पोळी-भाजी केंद्र टाकलं. गिऱ्हाईक कोण, तर अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं. अर्धी आमच्याच बाजूची, बीड, लातूर, परभणीची.

आई पहाटे साडेतीनला उठायची. ती उठली नसती तर आम्ही उपाशी शाळेत गेलो असतो, म्हणून उठायची. गुडघे सुजलेले, हाताला चटके, पण खाडा नाही. भावाचं म्हणणं इथवर शंभर टक्के खरं आहे. फक्त तो पुढचं सांगत नाही. १९९४ पासून २००९ पर्यंत, पंधरा वर्षं, ही चिकाटी रोज होती आणि पोळ्या रोज चारशेच होत्या. चारशेच्या पाचशे झाल्या नाहीत. घरभाडं थकायचं, गव्हाच्या दुकानदाराची उधारी कायम.

आईला लिहिता येत नाही, आकडे ओळखते. दहा पोळ्या गेल्या की डब्यात एक चिंचोका टाकायची, रात्री चिंचोके मोजायची. बी.कॉम. झाल्यावर मी एका सीएकडे टॅली भरायचे. रोज लोकांचे ताळेबंद बघायचे आणि घरी येऊन चिंचोके! शेवटी एका रविवारी वही घेऊन बसले. एक किलो कणकेच्या साधारण तीस पोळ्या. त्याला दळण, तेल, गॅस (धंद्याची, १९ किलोची टाकी, घरगुती लाल नव्हे), भाडं, लाटायला येणाऱ्या दोघींची मजुरी. पोळी आम्ही अडीच रुपयांना विकत होतो आणि खर्च निघाला दोन रुपये तीस पैसे. आई म्हणाली, "बघ की, सुटतंय." मी म्हटलं, "यात तुझी मजुरी कुठंय?" ती धरलीच नव्हती. दिवसाचे बारा तास, पंधरा वर्षं, कुठेच लिहिले नव्हते. ते धरले तर आम्ही प्रत्येक पोळीमागे पदरचे घालत होतो.

भाव वाढवू म्हटलं की एकच उत्तर. "अन्नाचा भाव वाढवतंय व्हय कुणी? लेकरं घरून पैसे मागवून शिकायलीत." आणि वर कष्टाच्या भाकरीचा दाखला. मी सांगून दमले की तिच्यामागे एक अख्खी संघटना उभी आहे, तुझ्यामागे कोण आहे? मी आणि तुझे गुडघे.

मग ती मावशीच्या लेकीच्या लग्नाला नऊ दिवस गावी गेली, आणि मी पाटीवर अडीचचे साडेतीन केले. हो, तिच्या अपरोक्ष. चूक होती का? असेल. परत होती तीच करेन.

परतली तेव्हा दारातच पाटी दिसली. काही बोलली नाही. पदराचं टोक ओलं केलं आणि आकडा पुसला. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिला. तिने परत पुसला. असं तीन दिवस चाललं, मग मी ऑइलपेंट आणला. आठ दिवस माझ्याशी अबोला. भाऊ तेव्हा नोकरीला बंगळुरात होता, त्याने फोनवर मलाच सुनावलं, "आईचं गिऱ्हाईक तोडशील." तुटली किती? महिनेवारी डब्याची चाळीस पोरं होती, तीन गेली. त्यातला एक पुढच्या महिन्यात परत आला.

महिनाअखेरीला मी तिच्या हातावर चार हजार दोनशे ठेवले. तिने दोनदा मोजले आणि विचारलं, "हे कुणाला द्यायचेत?"

म्हटलं, तुझे आहेत, पगार.

तिने त्या पैशांचं काय केलं ते सांगते, कारण धंदा खरा तिथून वाढला. चार-पाच महिने साठवले आणि मार्च-एप्रिलला, गव्हाची आवक जोरात असताना, मार्केट यार्डातून बाबांच्या ओळखीच्या हमालाकरवी एकदम सहा क्विंटल गहू घेतला. कडुलिंबाचा पाला घालून कोठ्यांत भरला. तोपर्यंत आम्ही पाच-दहा किलो करत चढ्या भावाने उधार आणायचो. ही अक्कल तिची, माझी नाही. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. हातात रोकड नव्हती, कारण भाव वाढवत नव्हती. दोन-अडीच वर्षांत रोजच्या पोळ्या हजारावर गेल्या, लाटायला पाच बायका आल्या.

आता तुमची लॉन्ड्री. वडिलांचा फोटो फ्लेक्सवर लावून काही होत नाही. एका शर्टाच्या धुलाई-इस्त्रीचा खर्च काढा: वीज किंवा कोळसा, भाडं, धुलाईचा साबण, पोहोचवायचं पेट्रोल. त्यात वडिलांची मजुरी धरा, बाहेरचा माणूस ठेवला तर जेवढी द्यावी लागेल तेवढी. आकडा बघून वडील चिडतील. चिडू द्या. त्याआधी कर्ज काढूच नका. नंतर मशीनसाठी हवंच असेल तर सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे, ५० हजारांपर्यंत शिशु, त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर, तारण लागत नाही. पण तोट्यातला शर्ट मशीनने धुतला तरी तोट्यातच जातो, फक्त लवकर.

हॉटेलच्या चादरी, हॉस्टेलचे कपडे असली मोठी कामं घेणार असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, आधी करून ठेवा, फुकट आहे. आमचे एका कँटीनवाल्याकडे तीन महिन्यांचे शहाऐंशी हजार अडकले तेव्हा कळलं की अशा छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. आम्ही त्या २००६ च्या कायद्याखाली नुसता तक्रारीचा अर्ज भरून त्याची प्रत त्या माणसाच्या टेबलावर ठेवली. दोन हप्त्यांत पैसे आले. व्याज मागायची माझी हिंमत झाली नाही, ते कबूल.

आणि हेही कबूल करते, नाहीतर भाऊ वाचून फोन करेल. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, पोरं गावी गेली, केंद्र बंद. तेव्हा वही उघडून मी हिशोब केला आणि सांगितलं, खोली सोडून देऊ. हिशोबाने ते बरोबरच होतं. आईने ऐकलं नाही. परवानगी मिळताच शटर उघडलं, पहिल्या दिवशी बारा पोळ्या गेल्या. बारा! ती रोज येऊन बसत राहिली. त्या वेळी तिचं ऐकलं म्हणून आज खोली आहे. त्यामुळे तुमचे वडील एखाद्या गोष्टीवर अडून बसले तर ती कुठली गोष्ट आहे ते तुमचं तुम्ही बघा, मला नवी पेठेत बसून सांगता येणार नाही. आणि भाव वाढवायचं माझं गणित पेठेतलं आहे. तुमच्या गल्लीत चार इस्त्रीवाले असतील तर एकदम चाळीस टक्के वाढवू नका.

सध्या आई फक्त गल्ल्यावर बसते. ओळखीच्या पोराचा डबा भरताना माझी पाठ वळली की दोन पोळ्या जास्त सरकवते. मला दिसतं. वहीत 'आई' नावाचा रकाना २००९ पासून आहे, पगाराचा. या पोळ्याही मी त्यातच लिहिते. चिंचोक्यांचा डबा अजून गल्ल्याशेजारी असतो आणि रात्री तिचा आकडा माझ्याशी जुळत नाही, कारण त्या दोन-दोन पोळ्यांचे चिंचोके ती टाकत नाही.