बेंगळुरूला निघालेल्या लेकीच्या बापास

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. मुलीची आई नोकरीसाठी तिला घेऊन बेंगळुरूला जाणार आहे, हे समजले. मुलीला पाळणाघरातून परस्पर उचलून आजीकडे आणावे आणि मग बोलणी करावीत, हा विचार आधी डोक्यातून काढून टाक. शिवाजीनगरला इतकी वर्षे वकिली केली, पण असे आणून ठेवलेले मूल बापाच्या पदरात राहिल्याचे मी पाहिले नाही. त्या एका दुपारचा खुलासा मात्र तो पुढे तारखेमागून तारखेला देत बसतो.

कायद्यात तुझी जागा कोणती, हे कडू असले तरी समजून घे. तुम्ही दोघे हिंदू आहात आणि तुमचे लग्न झालेले नाही. त्यामुळे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या सहाव्या कलमानुसार मुलीची नैसर्गिक पालक आधी आई आणि तिच्यानंतर बाप. (कायदा अशा लेकराला अजूनही 'अनौरस' म्हणतो. अर्जात मी तो शब्द नाइलाजाने लिहीत आले, तोंडाने कधी उच्चारला नाही.) जन्मदाखल्यावर तुझे नाव आहे, त्याने नाते दिसते, क्रम बदलत नाही. शिवाय ती चारच वर्षांची आहे, आणि पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे.

मित्राने सांगितलेल्या २०१५ च्या निकालाने मात्र तू उगाच धास्तावला आहेस. सर्वोच्च न्यायालयाने त्या अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज चालवू दिला, हे खरे. पण तो बाप मुलाच्या आयुष्यात नव्हताच. तू लसीकरणापासून पाळणाघरापर्यंत सगळे केले आहेस. १९५६ च्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने पालक ठरवताना मुलाचे हित सर्वोच्च मानले आहे, आणि तुझे म्हणणे मांडायचे ते तिथून: मला मूल हवे असे नव्हे, तर मुलीला बापाची सवय आहे आणि ती तुटू नये.

आता घाईची गोष्ट. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार पालकत्वाचा अर्ज, मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात चालतो. आज ते ठिकाण पुणे आहे. मुलगी तिकडे रुळली, शाळेत जाऊ लागली, की तुला बेंगळुरूच्या वाऱ्या कराव्या लागण्याचा संभव आहे. म्हणून अर्ज करायचाच तर ती निघण्यापूर्वी इथल्या कौटुंबिक न्यायालयात कर. तुमचे लग्न झालेले नाही म्हणून तो दरवाजा बंद नाही.

तरीही, मुलीच्या आईचे जाणे अडवण्याची मागणी त्या अर्जात करू नकोस, असे माझे मत आहे. तिला तिथे नोकरी आहे, सख्खी बहीण आहे. ही कारणे खोटी नाहीत, आणि ती खोटी ठरवायला गेलास तर तूच हट्टी दिसशील. भेटी माग, आणि त्या नेमक्या माग. 'सोयीनुसार भेट' या दोन शब्दांवरून मी जितकी भांडणे पाहिली तितकी ताब्यावरूनही पाहिली नाहीत. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, किती वाजता. महिन्यातून कोणता शनिवार-रविवार. साडेआठशे किलोमीटरच्या प्रवासाचा खर्च कोणाचा. आजारपण कळवायचे किती वेळात, हे सगळे लिहून घे. सुट्ट्या लिहिताना पुण्याचे कॅलेंडर समोर धरू नकोस, कारण तिकडे अनेक शाळांची मोठी सुट्टी दिवाळीला नव्हे तर दसऱ्याला असते आणि उन्हाळ्याची सुट्टी आपल्याआधी संपते. ठरलेले न्यायालयासमोर नोंदवून घ्या, नुसत्या स्टँप पेपरवर विसंबू नका.

पोटगीची रक्कम या महिन्यातही वेळेवर पाठव, तीही बँकेतून. भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवण्याचा सल्ला तुला कोणी ना कोणी देईलच.

गुरुवारी संध्याकाळी ये. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि पाळणाघराच्या पावत्या आण. मुलीच्या आईची हरकत नसेल तर तिलाही घेऊन ये. मी तुझी वकील म्हणून बसणार नाही, त्यामुळे तिने संकोच करू नये.

तुझ्या आईची मैत्रीण