बॉयलरमध्ये नुसती बाटली ओतून भागेल का?

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्याकडे घर गरम ठेवायला गॅसचा बॉयलर आहे आणि त्यावर ८ रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरणारे भिंतीवरचे लोखंडी हीटर. खालच्या मजल्यावरचे दोन वरून कडक गरम आणि खाली एकदम गार. शिवाय बॉयलर सुरू झाला की आतून केटलमध्ये पाणी उकळल्यासारखा आवाज येतो. सर्व्हिसवाला म्हणाला सिस्टममध्ये क्लीनर टाकून घ्या. ती बाटली मी स्वतः ओतून तशीच सोडली तर चालेल का? का व्हिनेगरनेच भागेल, केटल तर त्यानेच साफ करतो आम्ही.

उत्तर: ओतलीत तर चालेल, तशीच सोडून दिलीत तर नाही चालणार. लोकांचा इथेच घोटाळा होतो बघा, त्यांना वाटतं औषध टाकलं की घाण विरघळून गायब. ती जाईल कुठे, सिस्टम तर बंद आहे! क्लीनर घाण फक्त सुटी करतो, बाहेर न्यायचं काम पाण्याचं.

रेडिएटर वरून गार असता तर हवा अडकली म्हटलं असतं, चावी फिरवून हवा सोडली की झालं. खालून गार म्हणजे तळाला गाळ बसलाय. हा गाळ म्हणजे बाहेरून आलेली माती नाही हं, रेडिएटरचंच लोखंड पाण्याने खाल्लं जाऊन त्याची काळी बारीक पूड होते, तिला मॅग्नेटाइट म्हणतात. ग्लासभर पाणी काढा आणि बाहेरून लोहचुंबक लावा, काळं त्या बाजूला सरकलं तर समजा तेच आहे. आवाजाचं कारण तेही असू शकतं किंवा क्षार असू शकतात. हीट एक्सचेंजर म्हणजे बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग, त्यातल्या अरुंद वाटा भरल्या की पाणी नीट वाहत नाही, जागच्या जागी उकळतं आणि मग ती केटल वाजते. पण पंप दमला असेल किंवा एखादा वॉल्व्ह अर्धवट बंद असेल तरी असाच आवाज येतो, तेवढं आधी बघून घ्या, नाहीतर बाटली फुकट जायची.

आता विचार करा, रेडिएटरच्या तळाशी गप बसलेला गाळ तुम्ही सुटा केलात आणि पाणी बदललंच नाही, तर तो फिरत फिरत सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसणार, म्हणजे हीट एक्सचेंजरमध्येच. आधी दोन रेडिएटर गार होते, मग बॉयलरच बंद पडायचा.

म्हणून आधी रिटर्न पाइपवर, म्हणजे रेडिएटरमधून पाणी परत आणणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या अलीकडे, मॅग्नेटिक फिल्टर (चुंबकाने गाळ पकडणारा) आहे का बघा, नसेल तर आत्ताच बसवून घ्या. मग डोस. बऱ्याच बाटल्या साधारण १०० लिटर पाण्यासाठी किंवा १० रेडिएटरसाठी असतात पण तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय तेच खरं. माळ्यावर छोटी टाकी असेल तर त्यातून सोडता येतो, सीलबंद सिस्टम असेल तर फिल्टरमधून नाहीतर प्रेशर उतरवून एखाद्या रेडिएटरमधून. सगळे रेडिएटर पूर्ण उघडे ठेवा आणि हीटिंग चालवा. सौम्य क्लीनर काही दिवस ठेवतात, आम्लाचे काही तासच, तेही लेबलवर असतं. मग सगळं पाणी काढायचं, नवीन भरायचं, परत काढायचं, आणि जे दोन तुंबलेत ते एकेक करून धुवायचे, बाकीचे बंद ठेवून, म्हणजे पाण्याचा सगळा जोर त्या एकावर येतो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. खाली जुनी चादर अंथरा, माझ्याकडून एकदा हे पाणी पांढऱ्या गालिच्यावर सांडलंय, तो डाग अजून तिथेच असणार.

शेवटी इनहिबिटर, हे विसरायचं नाही. तोच लोखंड गंजण्यापासून वाचवतो आणि पाणी काढलं तेव्हा जुना असेल नसेल तोही गेला ना. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या आणि नावंही जवळजवळ तीच, फर्नॉक्स कंपनीचंच बघा, एफ३ म्हणजे क्लीनर आणि एफ१ म्हणजे इनहिबिटर, घाईत उलटं होतं.

व्हिनेगर नको. केटल एका धातूची, रिकामी करून लगेच धुता येते. इथे लोखंड, तांबं, पितळ, रबराची सील आणि पुष्कळ बॉयलरमध्ये हीट एक्सचेंजर ॲल्युमिनियमचा, त्याला आम्ल सोसत नाही आणि जास्त अल्कलीही सोसत नाही. क्लीनर घेतानासुद्धा ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलाच घ्या. बाथरूमचं ॲसिड तर चुकूनही नाही.

अजून एक, रेडिएटर फार जुने असतील तर क्लीनरनंतर कुठेतरी गळती सुरू होऊ शकते. भोक आधीपासून असतं, गाळानेच ते बुजवलेलं असतं. आणि बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका, गॅसचं काम परवानाधारक माणसाचं. पाणी बदलूनही तळ गारच राहिला तर त्यालाच पॉवर फ्लश, म्हणजे मशीनने जोरात पाणी फिरवून धुणं, करायला सांगा.

प्रश्न: क्लीनर दरवर्षी टाकावा का? आमचं प्रेशर सारखं उतरतं, दर आठवड्याला पाणी भरावं लागतं.

उत्तर: क्लीनर दरवर्षी नको, इनहिबिटर मात्र दरवर्षी तपासा. पण तुमची खरी अडचण ती नाहीच. दर आठवड्याला नवीन पाणी म्हणजे दर आठवड्याला नवीन ऑक्सिजन, आणि इनहिबिटर पातळ होत जातो तो वेगळाच, म्हणजे गाळ तुम्ही स्वतःच तयार करताय. आधी गळती शोधा, रेडिएटरच्या वॉल्व्हखाली टिश्यू लावून बघा कुठे ओला होतोय. एक्स्पान्शन वेसल, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी हवेची टाकी, तिच्यातली हवा गेली असेल तरी हेच होतं, तेही दाखवून घ्या. दुरुस्ती झाली की मग दोन बरण्या घ्या, एकीत सिस्टमचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हीत एकेक चकचकीत लोखंडी खिळा टाकून आठवडाभर ठेवा. नळाच्या पाण्यातला गंजेल. सिस्टमच्या पाण्यातलाही गंजला तर इनहिबिटर संपलाय, नवीन डोस टाका.