चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या घड्या : शस्त्रक्रिया केव्हा आणि कशासाठी?

प्रश्न : माझ्या पगच्या नाकावरची घडी मी रोज पुसते, तरी आठ-दहा दिवसांत दुर्गंधी आणि लाली परत येते. घडी काढून टाकावी का?

लगेच नको. घडी दोन बोटांनी अलगद उघडून पाहा. तळाशी तपकिरी, चिकट थर आणि केस झडलेली लालसर त्वचा दिसेल. त्या खाचेत वारा पोहोचत नाही, अश्रूंची ओल साचते, त्वचेवर त्वचा घासते आणि मग मॅलासेझिया नावाचे यीस्ट किंवा स्टॅफिलोकोकस जिवाणू, पुष्कळदा दोन्ही, भराभर वाढतात. त्या थराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय औषध ठरवू नये. शिवाय पुसल्यानंतर घडी पूर्ण कोरडी करणे पुसण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरत असाल तर ते डोळ्यात जाऊ देऊ नका; त्याने बुबुळाला इजा होते. मुळाशी ॲलर्जी असेल तर आधी तिच्यावर उपचार हवेत. हे सारे नेटाने करूनही संसर्ग उलटत राहिला, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा.

प्रश्न : आमच्या पेकिनीजच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने काळपट पट्टा सरकत आहे. तो डोळा चोळत नाही, तरी डॉक्टर घडी काढायला सांगतात. हे केवळ दिसण्यासाठी तर नाही?

मुळीच नाही, आणि येथे दिरंगाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या बुबुळाची संवेदना लांब नाकाच्या कुत्र्यांपेक्षा कमी असते, त्यामुळे घडीवरचे केस दिवसरात्र ब्रशसारखे घासत असूनही ते तक्रार करत नाहीत. बुबुळ मात्र स्वतःला वाचवण्यासाठी रंगद्रव्य साठवत जाते आणि दृष्टी झाकोळते. कधी जखम होऊन ती खोलवर जाते. शस्त्रक्रियेपूर्वी जखम रंगवून दाखवणाऱ्या फ्लुओरेसिनचा थेंब घालून जखम आहे का ते पाहावे आणि अश्रूंचे प्रमाण मोजावे, कारण कोरडा डोळा किंवा आत वळलेली पापणी हेही कारण असू शकते आणि मग नुसती घडी काढून भागत नाही. घडी पूर्ण काढायची की उंची कमी करायची, हे शल्यविशारद चेहरा पाहून ठरवतात. त्वचा गरजेपेक्षा जास्त काढली गेली तर पापणी ओढली जाते. काही कुत्र्यांत डोळ्याची फट आतल्या कोपऱ्यात थोडी शिवून लहानही करावी लागते. जमलेला काळेपणा सहसा पुरता जात नाही. तो पुढे सरकणे थांबवणे हा खरा हेतू आहे.

प्रश्न : बुलडॉगच्या गुंडाळलेल्या शेपटीखाली सारखा पू होतो. शेपटी काढणे क्रूरपणाचे नाही का?

आपली भावना समजते, परंतु पू साठलेला खिसा जन्मभर बाळगणे त्या जिवाला अधिक क्लेशदायक आहे. या शेपटीचे मणके जन्मतःच वेडेवाकडे असतात आणि ती आत वळून खाली असा खिसा तयार होतो, की कापसाची काडी आत जाते, पण तळ डोळ्यांना दिसत नाही. असे वारंवार होत असेल तर शेपटीचे मणके आणि खिसा एकत्रच काढतात. खिशाचा अंश राहिला तर त्रासही राहतो. गुदाशय आणि मलविसर्जन आवरणाऱ्या नसा अगदी लगत असल्याने हे काम अनुभवी हातांनीच व्हावे. संसर्ग आधी आटोक्यात आणावा लागतो. जखम गुदद्वाराजवळ असल्याने ती चिघळण्याचा धोका जास्त असतो, म्हणून साधारण 10 ते 14 दिवसांनी टाके निघेपर्यंत जखम चाटू न देणारी गळ्यातील शंकूसारखी कॉलर काढू नये.

प्रश्न : सहा महिन्यांच्या फ्रेंच बुलडॉग मादीची योनी घडीत झाकलेली आहे. आत्ताच शस्त्रक्रिया करावी का?

त्रास सौम्य असेल तर पहिला माज येऊन जाऊ द्या. त्यानंतर पुष्कळदा रचना सुधारते. मूत्रसंसर्ग वारंवार होत असेल तर मात्र तपासणी लांबवू नका.

प्रश्न : भूल देण्याची भीती वाटते.

भीती अनाठायी नाही. अरुंद नाकपुड्या आणि लांब मऊ टाळू यांमुळे या कुत्र्यांचा श्वसनमार्ग मुळातच चिंचोळा असतो. म्हणून भुलीपूर्वी प्राणवायू देतात, आणि कुत्रे नीट शुद्धीवर येऊन श्वासासाठी घशातून घातलेली नळी स्वतःच नाकारेपर्यंत ती काढत नाहीत. गरज असल्यास नाकपुड्या आणि टाळूची दुरुस्ती त्याच भुलीत करता येते. नळी निघाल्यानंतरचा काळ सर्वांत नाजूक असतो. तेव्हा कुत्र्याजवळ कोण बसून राहणार, हे रुग्णालयाला आधीच स्पष्ट विचारा.