आज्जाच्या ट्रंकेतली रिव्हॉल्व्हर कुठल्या लढाईतली?

प्रश्न (खानापूर तालुक्यातून): आमच्याकडे एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे, आज्जाच्या ट्रंकेतली. पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडले आणि येताना ही घेऊन आले असं घरात सगळे सांगतात. मधोमध मोडून उघडते, मागच्या घोड्याला अंगठ्यानं ओढायचं टोक नाही. उजव्या बाजूला मुकुट, खाली एनफिल्ड, नंबर २, मार्क १, पुढं चांदणी आणि खाली १९४०. लायसन्स वडिलांच्या नावावर होतं, ते मागच्या वर्षी वारले. किती जुनी असेल आणि विकली तर काय येईल?

उत्तर: तुम्ही प्रश्नातच उत्तर पाठवलंय की! तो १९४० म्हणजे बनवल्याचं साल. कूत पडलं एप्रिल १९१६ मध्ये आणि हे नंबर २ मॉडेल फौजेत आलं १९३२ ला, तेव्हा पणजोबांच्या हातात ही असणं शक्यच नाही. आणि कूतला शरण गेलेल्यांना तुर्कांनी कैद करून नेलं ओ, तिथून कोण कमरेला रिव्हॉल्व्हर लावून घरी येतंय? त्या लढाईतली म्हणजे वेब्ली कंपनीची मार्क ६, .४५५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप), १९१५ ला आलेली, तिच्यावर वेब्ली हे नाव ठळक असतं.

तुमच्यावरची चांदणी महत्त्वाची. मार्क १ चांदणी हा प्रकार १९३८ चा, त्यात घोड्याचं टोक मुद्दाम काढून टाकलं, रणगाड्यात चढता-उतरताना ते कशातही अडकायचं म्हणून, असं सांगतात. म्हणजे खुणा आणि साल एकमेकांना धरून आहेत, नंतर कुणी ठोकलेला शिक्का वाटत नाही. आता आज्जाच दुसऱ्या महायुद्धात होते का ते बघा, मराठा लाइट इन्फंट्री इटलीपर्यंत लढली होती, मला वाटतं गोष्ट खरी असेल पण एक पिढी वर सरकली असेल, घराघरात असं होतंच. पण बनवल्याचं साल म्हणजे घरात आल्याचं साल नव्हे हं. फौजेतून काढलेली हत्यारं नंतर विकली पण जायची, त्यासाठी टोकाला टोक लावलेले दोन बाण शोधा, ती खूण म्हणजे सरकारी मालकीतून बाहेर. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर कधीतरी हिंदुस्थान सरकारची होती.

ह्या सगळ्यापेक्षा जुनं लायसन्स शोधा, त्यावर हत्यार नंबर आणि बोअर असतो, फ्रेमवरच्या नंबरशी जुळवा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं असेल तर ते मुंबई राज्याचं असणार, तेव्हा तुमचा बेळगाव जिल्हा तिकडंच होता.

आणि कृपा करून पॉलिश पेपर मारून चकचकीत करू नका, शिक्के गेले की ओळखही गेली. गोळ्या आहेत का हे पण स्वतः उघडून बघू नका.

विकायचं नंतर. वडील गेले तसं त्यांचं लायसन्स संपलं, आता ती घरात ठेवणं हाच गुन्हा होतोय. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम २१ नुसार ती उशीर न करता पोलीस स्टेशनात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची, इलेक्शनला सगळे करतात तशी, पावती घ्यायची आणि मग वारसाचा अर्ज. तालुक्यातलं काम डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात, पण तुमची .३८ ची आणि ती प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेल्या बोअरमध्ये धरतात म्हणून विषय दिल्लीला गृहखात्याकडं जाऊ शकतो, चपला झिजवायची तयारी ठेवा. 'जुनी आहे, अँटिक आहे, लायसन्स कशाला' असं कट्ट्यावर कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला असते आणि तुमची चालेल असंच वाटतंय. कोडगूवाल्यांना (कूर्गच्या लोकांना) लायसन्समधून सवलत आहे म्हणतात ती खरी, पण ती त्यांनाच.

प्रश्न (निपाणीहून): छोटी रिव्हॉल्व्हर, ट्रिगर दुमडतो, कंपनीचं नाव कुठंच नाही, फक्त अंडाकृती शिक्क्यात इंग्रजी इ, एल, जी आणि चांदणी. जर्मन आहे का?

उत्तर: नाही, बेल्जियमची, लिएज शहराचा तो तपासणीचा शिक्का. तिथल्या लहान-लहान कारखान्यांनी असा माल ढिगानं बनवला, नाव नसणं नेहमीचंच. शिक्क्यावर मुकुट आहे का भिंगातून बघा, मुकुट १८९३ पासून आला, नसेल तर त्याआधीची. आणि लायसन्सचं वर लिहिलंय ते तुम्हाला पण लागू.